हात आत घालण्यापूर्वी

...अहो पिशवी मिळाली, पिशवी! कापडी. वर संघटनेचं नाव, आत एक वही आणि एक पेन, आणि पेन असं की आधी चार वेळा घासायचं, मग ते विचार करतं, मग लिहितं. झालं समाधान? नाही, म्हणजे मी परतल्यापासून ज्याला त्याला हेच विचारायचंय, घरात आई, कंपनीत साहेब, एवढंच काय, कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा, तो बिचारा नाशिक फाट्याला चढतो आणि मोशी यायच्या आत घोरायला लागतो, तोसुद्धा डोळे न उघडता विचारतो, "काय ज्योतीराम, परिषदेला गेला होतास म्हणे. काय मिळालं?" काय मिळालं म्हणजे? मी काय लग्नाला गेलो होतो का राव, शालजोडी घेऊन यायला?

तुम्हाला सांगतो, दोष त्यांचा नाही. दोष माझ्या धंद्याचा आहे. मी टेक्निकल रायटर. तांत्रिक लेखक. म्हणजे कसं, तुम्ही नवा मिक्सर आणता, खोका फोडता, थर्माकोल काढता, मिक्सर काढता, आणि तळाशी एक पुस्तक असतं बघा, जे तुम्ही न उघडता परत खोक्यात टाकता आणि खोका माळ्यावर... हां! ते. ते पुस्तक कोणीतरी लिहितं. तुम्हाला काय वाटलं, ते मिक्सरला आपोआप होतं? आमची चाकणची कंपनी प्रेस बनवते, म्हणजे सपाट पत्रा साच्यात दाबून त्याला आकार देणारं मशीन, चांगलं दोन माणसं उंच, आणि त्या मशीनबरोबर जे मॅन्युअल जातं ते लिहितो मी. इंग्रजीत आणि मराठीत. चारशे माणसं आहेत कंपनीत, त्यात हे काम करणारा मी एकटा. एकटा म्हणजे किती एकटा? माझ्या कामात चूक झाली तर सांगणारंही कोणी नाही, एवढा एकटा. हे वाक्य आत्ता विनोदी वाटतंय. थांबा जरा.

घरी काय, तर आमची आई, यशोदाबाई. वडील कारखान्यात लागले म्हणून परांड्याकडून आली, चाळीस वर्षं झाली कासारवाडीत, पण बोली तिची तशीच. गल्लीत सगळ्यांना सांगते, "माजं लेकरू लेखक हाय." आता लेखक म्हटल्यावर बायका विचारणारच ना, काय लिहितो? आई म्हणते, "मशिनीचं लिहितंय." तर एक कोणी कौशल्याबाई आहेत, त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "मग शेवटी काय होतं हो त्या मशिनीचं?" काय सांगणार! म्हटलं, शेवटी सर्व्हिसिंग होतं.

आणि कंपनीत? कंपनीत मी म्हणजे मराठी बरं असलेला माणूस. बस्स. कोणी रिटायर झालं, "ज्योतीराम, जरा भाषण लिहून दे." खंडेनवमीची पूजा, "ज्योतीराम, निमंत्रण." जिन्यात 'येथे थुंकू नये' माझंच. आणि तुम्हाला सांगतो, अख्ख्या कंपनीत माझं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं लिखाण तेच असेल, कारण लोक अगदी नेम धरून त्याच्यावरच थुंकतात.

आमचे साहेब, रंगराव. डिझाइन विभागाचे मुख्य, माझे वरिष्ठ. माणूस वाईट नाही, हां. पण मॅन्युअल म्हटलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, "ज्योतीराम, मॅन्युअल वाचतं कोण हो?" मी पान घेऊन सहीला गेलो की न वाचता सही करायची आणि वर विचारायचं, वाचतं कोण! अहो, निदान तुम्ही तरी वाचा की!

तर मला कळलं की आपल्यासारख्यांची एक संघटना आहे. तांत्रिक लेखकांची! तिची वर्षाला परिषद भरते, या वर्षी तर चिंचवडलाच होती, दोन दिवस. मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, साहेब, परिषदेला जायचंय. साहेब म्हणाले, "लेखकांची? म्हणजे कवितावाचन वगैरे?" म्हटलं, नाही हो, मॅन्युअल लिहिणाऱ्यांची. साहेबांनी चष्मा काढला. माझ्याकडे असं बघितलं, जंगलात दुर्मीळ प्राणी दिसल्यावर बघतात तसं, आणि हळूच विचारलं, "म्हणजे... अजून आहेत?"

आहेत म्हटलं. "किती?" म्हटलं, बघून येतो. तर म्हणाले, "स्वतःची रजा टाका आणि बघून या. आणि परत आलात की सांगा, काय मिळालं." बघा! जायच्या आधीच हिशेब मागायला सुरुवात!

बायकोला वाटलं होतं मी या गोष्टीसाठी रजा टाकणार नाही. विजयश्री नाव तिचं, सांगवीच्या एका शाळेत शिकवते. ती म्हणाली, "जा तुम्ही. खरंच जा. नऊ वर्षं तुम्ही कामाचं काहीही बोलायचं असलं की माझ्याशी बोलताय. स्वल्पविराम या विषयावर माझं माहेरी कोणाशीही एवढं बोलणं झालेलं नाही."

गेलो. हॉटेलचा पहिल्या मजल्यावरचा हॉल, आणि हॉलच्या बाहेर ही गर्दी! साठ-सत्तर माणसं, आणि आत कोणी जाईना. मला वाटलं दार बंद आहे. दार सताड उघडं! मग? तर दारावर भला मोठा फलक, 'तांत्रिक लेखक परीषद', आणि 'परीषद'मधली रि दीर्घ! अहो, सत्तर तांत्रिक लेखक, आणि दारावर दीर्घ री! कोणाचा पाय उचलेना! एक जण म्हणतोय, प्रिंटरची चूक आहे. दुसरा म्हणतोय, नाही, प्रूफ कोणी बघितलं ते सांगा. तिसरा काही बोलतच नाहीये, नुसता मोबाइलवर फोटो काढतोय, पुरावा म्हणून. शेवटी संघटनेचे सचिव कागदाचा चौकोनी तुकडा घेऊन स्टुलावर चढले, तुकडा चिकटवला, खालून सत्तर जण, "डावीकडे, डावीकडे... थोडं वर... आता समास बरोबर आहे!" मग सगळे आत गेले. आणि तुम्हाला सांगतो, मला भरून आलं. नाही, हसू नका. उभ्या आयुष्यात मला वाटत होतं की हा आजार फक्त मलाच आहे.

पुढचं ऐका. चहाच्या रांगेत एक मुलगी उभी, हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत, तिनं मला विचारलं, "तुम्ही कशाचं लिहिता?" कशाचं लिहिता! नऊ वर्षांत मला लोकांनी काय काय विचारलंय, म्हणजे नक्की काय करता, मग दिवसभर काय करता, हे काम आहे का, परमनंट आहे का... पण कशाचं लिहिता, हे पहिल्यांदा! मी म्हटलं, प्रेस मशीनचं. ती म्हणाली, "बापरे, म्हणजे तुमचं चुकलं तर माणसाला लागतं. आमचं चुकलं तर फक्त लोक शिव्या घालतात." मी हसलो. तेव्हा हसलो.

मग भाषणं. आता खोटं कशाला बोलू, काही भाषणं अशी होती की खुर्चीवर बसून माणूस स्वतःच्या अंत्ययात्रेचं नियोजन करेल. एक वक्ते पाऊण तास 'बटण दाबा' म्हणावं की 'बटणावर क्लिक करा' म्हणावं यावर बोलले, आणि नंतर प्रश्नोत्तरांत दोन गट पडले, दाबावाले आणि क्लिकवाले, जेवणाच्या टेबलावरसुद्धा वेगवेगळे बसले. तेव्हा जर मला कोणी विचारलं असतं ना, काय मिळालं, तर मी म्हटलं असतं, चांगला मसालेभात मिळाला.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी एक सत्र होतं. आपापल्या मॅन्युअलचं एक पान आणायचं, आणि अनोळखी माणसानं ते आपल्यासमोर वाचायचं. वाचायचं म्हणजे करून बघायचं, जसं लिहिलंय तसं. आणि आपण तोंड उघडायचं नाही. हा नियम. लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं.

मी माझं सर्वांत चांगलं पान नेलं होतं. प्रेसमध्ये पत्रा अडकला तर कसा काढायचा त्याचं. नऊ वर्षांपूर्वी लिहिलेलं, जे प्रत्येक नव्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये मी तसंच्या तसं उचलून टाकत आलो होतो, कारण पान चांगलं होतं ना! 'सदर' होतं त्यात, 'तदनंतर' होतं, भारदस्त अगदी.

माझ्या वाट्याला आल्या नीलाताई. सत्तरीच्या बाई, पांढरे केस, चष्म्याला दोरी, सांगवीला राहतात. एकतीस वर्षं पाण्याच्या पंपांची मॅन्युअलं लिहून रिटायर झालेल्या. त्यांनी टेबलावर जेवणाचा रिकामा डबा उघडून उभा केला, झाकण वर धरलं आणि म्हणाल्या, "हे तुमचं मशीन. मी नवीन कामगार. वाचते हं." आणि मोठ्यानं सुरू.

"पायरी चार. 'थांबा' असे लिहिलेले लाल बटण दाबावे." दाबलं त्यांनी टेबलावर. "पायरी पाच. तदनंतर सदर साच्यामध्ये हात घालून अडकलेला पत्रा काढून घ्यावा." घातला हात डब्यात. मी छाती फुगवून बसलोय. "पायरी सहा," नीलाताई वाचायला लागल्या, "साच्यामध्ये हात घालण्यापूर्वी मुख्य वीजपुरवठा बंद असल्याची खात्री करून..."

आणि थांबल्या.

डब्यातल्या हाताकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. हात बाहेर काढला नाही. तसाच ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "ज्योतीराम, माझा हात आत आहे."

आता तुम्हाला सांगतो, म्हणजे कळावं म्हणून सांगतो. लाल बटणानं मशीन थांबतं, पण वीज चालूच असते. चुकून कोणाचा खालच्या पेडलवर पाय पडला की वरचा भाग खाली येतो. किती जोरात? गाडीच्या जाड पत्र्याची वाटी होते, एवढ्या जोरात. आणि मी लिहून ठेवलंय, आधी हात घाला, मग वीज बंद आहे का बघा!

गप्प बसायचा नियम होता, पण मी बोललो. म्हटलं, "पण माणूस आधी पूर्ण पान वाचेल ना!" नीलाताई म्हणाल्या, "तुम्ही कधी वाचलंत? ज्याचा पत्रा अडकलाय, ज्याच्या डोक्यावर सुपरवायझर उभा आहे, तो एक ओळ वाचतो आणि एक काम करतो. एक ओळ, एक काम. त्याला आपण सांगू त्या क्रमानंच जग कळतं." आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रडू नका. माझ्या पंपाच्या पुस्तकात चौदा वर्षं एक आकृती उलटी छापलेली होती. मलाही अशाच एका परिषदेत कोणीतरी दाखवली. आपलं आपल्याला दिसत नाही हो. म्हणून तर एकमेकांना भेटायचं."

मी रडत नव्हतो. म्हणजे... असो.

परिषद संपली, दुसऱ्या दिवशी कंपनीत. साहेब, "या या! काय मिळालं?" मी पान पुढं केलं. म्हटलं, साहेब, हे मिळालं. पाच आणि सहा वाचा. साहेबांनी वाचलं, आणि काय म्हणावं? "बरोबर आहे की! दोन्ही गोष्टी लिहिल्यात तुम्ही." म्हटलं, साहेब, क्रम! "अहो, नऊ वर्षांत एक तक्रार आलीये का? आणि मुळात, मॅन्युअल वाचतं कोण? आता पुन्हा छापायचं, सगळ्या गिऱ्हाइकांना कळवायचं, म्हणजे आपण होऊन ओरडून सांगायचं की आमचं चुकलं! दोन दिवस परिषदेला काय गेलात, डोक्यात काहीतरी भरवून पाठवलंय तुम्हाला."

तुम्हाला सांगतो, मी भांडणारा माणूस नाही. माझी सगळी भांडणं विजयश्रीशी, आणि तीही मनातल्या मनात. पण मला तो डब्यातला हात दिसत होता. म्हटलं, "साहेब, दहा मिनिटं खाली चला. एकदा करून बघा. नाही पटलं तर मी परत हा विषय काढणार नाही."

खाली शॉपमध्ये, म्हणजे जिथं मशिनं बनतात तिथं, आमचा खंडू. महाळुंग्याचा. वीस वर्षं प्रेसवर, मशीनच्या आवाजावरून सांगतो की कुठला बोल्ट ढिला आहे. त्याला मी आधीच गाठलं होतं. मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घातलं, चावी खंडूच्या खिशात. खंडूला म्हटलं, तू फक्त मोठ्यानं वाच. खंडू म्हणाला, "मी वाचू? आवं, वीस वरसांत ह्ये पुस्तक मी पयल्यांदा हातात घेतुय. चहाच्या टेबलाचा पाय हलतुय, त्याच्याखाली व्हतं न्हाई का!"

साहेब मशीनपुढं उभे. पांढरा शर्ट, खिशाला पेन. आयुष्यात दोनशे प्रेस डिझाइन केल्या असतील, पण चालवली एकही नाही. खंडू वाचतोय, एकेका अक्षरावर बोट ठेवून. "पायरी च्यार. थांबा आसं लिव्हलेलं लाल बटन दाबावं." साहेबांनी दाबलं. "पायरी पाच. तद... तद्‌नंतर सदर..." खंडू थांबला. "सायेब, सदर म्हंजी? सदरा काडायचा का?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "सदर म्हणजे हे, हे साच्यामध्ये!" साहेब ओरडले. "पुढं वाच!"

"साच्यामदी हात घालून आडकल्याला पत्रा काडून घ्यावा." साहेबांनी घातला हात. कोपरापर्यंत. "पायरी सा. साच्यामदी हात घालन्यापूर्वी..." खंडूनं मान वर केली, आणि त्याला चावी आपल्याच खिशात आहे हे माहीत असूनसुद्धा, तुम्हाला सांगतो, तो खरंच घाबरला, आणि असा ओरडला की पलीकडच्या लाइनवरची माणसं थांबली, "सायेब हात काडा! हात काडा पयला!!"

साहेबांनी हात असा ओढला की मागं पडून खोक्यावर बसले. शर्टाला वंगण, पेन साच्यात. खंडूनं खिशातून चावी काढून दाखवली, "बंद हाय सायेब, बंद हाय. काय न्हाई झालं. बसा, पानी आनू का?"

साहेबांनी आपला हात उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग म्हणाले, "किती मशिनं गेली आहेत हे पान घेऊन?" म्हटलं, एकशे चौदा. "सगळ्यांना कळवा. आजच्या आज."

तीन आठवडे! तीन आठवडे मी दुसरं काहीही केलं नाही. पान नव्यानं लिहिलं, 'आधी वीज बंद करा. कुलूप लावा. चावी आपल्या खिशात ठेवा. मग हात घाला.' सदर गेलं, तदनंतर गेलं, सगळा भारदस्तपणा गेला. खंडूला वाचून दाखवलं, तो म्हणाला, "आता मानसासारकं बोलतंय ह्ये." मशीनवर डकवायला पिवळा स्टिकर केला. नीलाताईंना फोनवर वाचून दाखवला, त्यांनी त्यातलेही तीन शब्द काढले. आणि मग एकेका गिऱ्हाइकाला फोन. बहुतेकांनी काय विचारलं माहितीये? "मॅन्युअल? कुठलं मॅन्युअल?"

हे ऐकून मला पहिल्यांदाच बरं वाटत होतं, बघा. लेखकाला आपलं कोणी वाचलं नाही याचा आनंद व्हावा, असा हा एकच धंदा असेल.

आणि मग भोसरीहून फोन आला. छोटं वर्कशॉप, आमची एक जुनी प्रेस आहे तिथं. पलीकडून बाईचा आवाज. "मी चतुराबाई बोलतीये. प्रेसवर असते. त्ये पिवळं कागद तुमीच पाठवलं का?" म्हटलं, हो. "मग मला तुमाला इचारायचंय. आदीच्या पुस्तकात उलटं लिव्हलं व्हतं ना?"

म्हटलं, हो, उलटं होतं. माझी चूक होती.

तर चतुराबाई म्हणाल्या, "गेल्या साली माजा हातमोजा गेला मशिनीत. हात वाचला, एवड्यानं वाचला. मालक बोलले, बायांना वाचता येत न्हाई न् मशिनीवर उभ्या ऱ्हातात. सगळे त्येच बोलले. पन मला वाचता येतंय. सातवी पास हाय मी. मी पुस्तक म्होरं ठिवून, अक्षर न् अक्षर वाचूनच केलं व्हतं."

आता सांगा. नऊ वर्षं. एकशे चौदा मशिनं. ते पुस्तक कोणी टेबलाखाली घातलं, कोणी माळ्यावर टाकलं, कोणी प्लॅस्टिकमधून काढलंसुद्धा नाही, आणि जिनं अक्षर न् अक्षर वाचलं, माझ्यावर विश्वास ठेवून वाचलं, ती ही एक बाई. आणि तिचाच हात...

त्या दिवशी कंपनीच्या बसमधून मी भोसरीलाच उतरलो. गेलो वर्कशॉपमध्ये. चतुराबाई म्हणजे चाळिशीच्या असतील, डोक्याला रुमाल बांधलेला. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "आदी मालकाला सांगा." मालकासमोर उभं राहून सांगितलं, की बाईंचं काहीही चुकलं नव्हतं, लिहिणाऱ्याचं चुकलं होतं, लिहिणारा मी. मालक बघतच राहिला. चतुराबाई मशीनजवळ गेल्या, आणि तो पिवळा स्टिकर जरा वाकडा चिकटला होता तो पदरानं दाबून दाबून सरळ केला. मग चहा सांगितला. मी नुसताच कप धरून बसलो, तर त्या म्हणाल्या, "प्या. आता बराबर लिव्हलंय तुमी."

आणि हे मला विचारतात, परिषदेला जाऊन काय मिळालं!

काय सांगू मी? एक म्हातारी बाई भेटली, तिनं डब्यात हात घातला, हे सांगू? हे कुठल्या रकान्यात बसतं? पण तुम्हाला सांगतो, मी तिथं गेलो नसतो, तर ते पान अजून नऊ वर्षं तसंच्या तसं गेलं असतं, अगदी शुद्धलेखनाची एकही चूक नसलेलं! आता मी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सांगवीला जातो. नीलाताईंच्या घरी सात-आठ जण जमतो. ती हिंजवडीची मुलगीही येते. आपापली पानं आणायची, दुसऱ्यानं करून बघायचं, आपण गप्प बसायचं. गेल्या वेळी एकाचं प्रेशर कुकरचं पान होतं, त्यातल्या सूचनेप्रमाणे आम्ही अर्धा तास झाकण उलटंच लावत होतो. आई विचारते, "बैठक कशाची असती रं तुमची?" विजयश्री तिला सांगते, "भजनी मंडळासारखं आहे, आई. फक्त तिथं देवाऐवजी कुकर असतो."

आता तुम्ही म्हणाल, बरं झालं की, मग तक्रार कसली? तक्रार सांगतो ना!

गेल्या आठवड्यात संघटनेचं पत्र आलं कंपनीत. पुढच्या परिषदेत आमच्या या प्रकरणावर भाषण हवंय म्हणून. पत्र गेलं साहेबांच्या टेबलावर. साहेबांनी बोलावलं मला. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो राव! मनात पहिलं वाक्यसुद्धा जुळवलं होतं. साहेब म्हणाले, "ज्योतीराम, फार महत्त्वाची संघटना आहे ही. अशा ठिकाणी कंपनीच्या मुख्य माणसानं बोललं पाहिजे. तेव्हा मीच जातो. तुम्ही फक्त भाषण लिहून द्या."

दिलं लिहून. काय करणार? काल साहेबांनी दुरुस्त्या करून परत पाठवलं. खंडूला एका ओळीत आणलाय, नीलाताईंना तळटिपेत, मी कुठंच नाही. आणि मधोमध साहेबांनी स्वतःच्या हातानं एक वाक्य घातलंय, 'कामगारांची सुरक्षा तपासण्यासाठी त्या दीवशी मी स्वताहून, निर्भयपणे मशीनमध्ये हात घातला.'

मी 'दिवशी'ची दि ऱ्हस्व केली, 'स्वतः'चा विसर्ग घातला, आणि पाठवून दिलं.